अपडेट झाल्यापासून ब्राउझर उघडतो आणि मिटतो – जाणकारांनी मदत करावी

टंकणारी_ताई | रविवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृती आणि बागकामाच्या धाग्यांवर वाचनमात्र असते. आज गरजच पडली म्हणून धागा काढतेय.

बार्शीत तहसील कचेरीसमोरच्या गल्लीत माझं टायपिंगचं आणि ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं छोटं दुकान आहे. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, सातबारा, दाखले असलं काम. काल संध्याकाळी फायरफॉक्सने ‘अपडेटसाठी पुन्हा सुरू करा’ असं विचारलं, मी केलं. तेव्हापासून खिडकी उघडते आणि मिटते. मग एक चौकोन येतो, दिलगीर आहोत वगैरे लिहिलेला. कधी उघडल्या उघडल्या मिटतो, तर कधी दहा-दहा मिनिटं काही होत नाही. काही ताळमेळच लागत नाहीये.

आतापर्यंत केलेले उद्योग: संगणक तीनदा बंद-चालू. फायरफॉक्स काढून पुन्हा टाकला, दोनदा. अँटिव्हायरसने सगळं तपासून घेतलं. फरक शून्य.

विंडोज १०, रॅम ४ जीबी. विंडोजसोबत येतो तो दुसरा ब्राउझर नीट चालतोय, पण माझे सगळे पासवर्ड फायरफॉक्समध्ये आहेत आणि (हसू नका) वहीत लिहिलेले नाहीत. पीक विम्याची मुदत महिन्याअखेर संपतेय, उद्या सकाळी दारात रांग असणार. हे मोबाइलवरून लिहितेय, चुकांना क्षमा.

---

खटपट्या | रविवार, रात्री १०:०५

ताई, घाबरू नका. नव्वद टक्के वेळा एखादं एक्स्टेन्शन (ब्राउझरला वरून जोडलेली जादा सोय) नाहीतर ग्राफिक्सचा ड्रायव्हर असतो. शिफ्ट दाबून धरा आणि तशीच फायरफॉक्सच्या चिन्हावर डबल क्लिक करा. ‘ट्रबलशूट मोड’मध्ये उघडू का विचारेल, हो म्हणा. यात सगळी एक्स्टेन्शन बंद असतात, हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशनही बंद असतं. तिथे नीट चालला तर गुन्हेगार त्यातलाच कुणीतरी.

तसंही मिटलाच तर पत्त्याच्या पट्टीत ‘अबाउट:क्रॅशेस’ टंका (रोमन लिपीत, मध्ये जागा न सोडता). तिथे तारीखवार अहवाल दिसतील. वरचा इथे डकवा.

---

निवृत्त_पोस्टमास्तर | रविवार, रात्री १०:२०

कॅशे आणि कुकीज साफ करा. माझ्या नातवाने तेच केले होते. लगेच चालू झाले.

---

शुद्धमती | रविवार, रात्री १०:३१

‘न्याहाळक’ हा सुंदर मराठी शब्द असताना शीर्षकात ब्राउझर कशाला? बाकी विषयातलं मला कळत नाही.

---

लोकल_८_०७ | रविवार, रात्री १०:३८

न्याहाळक मिटला तरी शुद्धमती जाग्या! (कृपया हलके घ्या)

ताई, कुकीज साफ करू नका इतक्यात. सगळ्या संस्थळांवरून लॉगआउट व्हाल आणि मूळ रोग तसाच राहील. ‘कॅशे साफ करा’ हे आपल्याकडे ‘हळद लावा’सारखं झालंय.

---

टंकणारी_ताई | रविवार, रात्री ११:१५

खटपट्या, शिफ्ट दाबून उघडला. लगेच मिटला. म्हणजे एक्स्टेन्शन नाही ना?

आणि ते अबाउट:क्रॅशेस टंकायचं कसं? पट्टीत क्लिक केलं की तो मिटतोच. तीनदा करून बघितलं.

---

खटपट्या | रविवार, रात्री ११:२२

हात्तिच्या. मग वेगळं काहीतरी आहे. उद्या बघू, आता झोपा.

---

दणकट_बाब्या | सोमवार, सकाळी ७:१०

एवढी चर्चा कशाला? मागची आवृत्ती उतरवून घ्या, टाका, आणि अपडेट कायमचं बंद करून ठेवा. मी पाच वर्षं अपडेट केलेलं नाही, मस्त चाललंय. चालत्या गाडीचं बॉनेट उघडायचं नाही.

---

टंकणारी_ताई | सोमवार, सकाळी १०:४०

बाब्या यांनी सांगितल्याप्रमाणे मागची आवृत्ती टाकली. उघडल्यावर म्हणाला, ‘तुम्ही जुनी आवृत्ती सुरू केली आहे’, आणि खाली दोनच बटणं: नवीन प्रोफाइल करा किंवा बाहेर पडा. दुकानात माणसं उभी, मी ‘नवीन’ दाबलं.

ब्राउझर चालू झाला, मिटतही नाही. पण आतून कोरा करकरीत! बुकमार्क गेले, पासवर्ड गेले, सगळं गेलं. अकरा वर्षांचं होतं हो. हात थरथरताहेत माझे. आता काय करू?

---

वैदेही_पर्थ | सोमवार, सकाळी ११:०२

ताई, काहीही गेलेलं नाही. आधी एक घोट पाणी प्या. आणि यापुढे मी सांगेपर्यंत काहीही काढू नका, पुसू नका.

फायरफॉक्स म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक कार्यक्रम, जो तुम्ही दोनदा काढून टाकलात. दुसरं तुमचं प्रोफाइल, म्हणजे बुकमार्क, पासवर्ड, इतिहास ठेवलेलं एक फोल्डर. ते वेगळ्या जागी असतं आणि कार्यक्रम काढला तरी जागचं हलत नाही. (म्हणूनच काढून पुन्हा टाकल्याने बऱ्याचदा दुखणं जात नाही. घर नवं बांधलं तरी सामान तेच.)

२०१९ मध्ये आलेल्या ६७ व्या आवृत्तीपासून फायरफॉक्स नव्या आवृत्तीने वापरलेलं प्रोफाइल जुन्या आवृत्तीला उघडू देत नाही. नव्या आवृत्तीने आतल्या फायलींची मांडणी बदललेली असू शकते, जुनीने त्यात लिहिलं तर खरंच नासधूस होते. म्हणून त्याने तुम्हाला कोरं प्रोफाइल दिलं. जुनं शेजारीच सुखरूप पडलंय.

आता हे करा. फायरफॉक्स बंद करा. कळफलकावर विंडोजची कळ दाबून आर दाबा. छोटी चौकट येईल, तिच्यात टंका: टक्क्याचं चिन्ह, अ‍ॅपडेटा, पुन्हा टक्क्याचं चिन्ह. एंटर. मग मोझिला, फायरफॉक्स, प्रोफाइल्स अशी फोल्डरं उघडत जा. आत विचित्र नावांची दोन-तीन फोल्डरं असतील. ज्याचा आकार सगळ्यात मोठा, ते तुमचं. ते आख्खं पेनड्राइव्हवर कॉपी करा. ‘प्लेसेस डॉट एसक्यूलाइट’मध्ये बुकमार्क आणि इतिहास असतो, ‘लॉगिन्स डॉट जेसन’ आणि ‘की-४ डॉट डीबी’ या जोडीत पासवर्ड. या दोन्ही फायली एकत्रच लागतात, एकटी एक निरुपयोगी. कुलूप आणि किल्ली.

कॉपी झाली की इथे सांगा.

---

टंकणारी_ताई | सोमवार, सकाळी ११:४०

झाली कॉपी. ६०० एमबीच्या वर आहे. दोन्ही फायली दिसताहेत. वैदेही, बाई तू देवासारखी आलीस.

---

वैदेही_पर्थ | सोमवार, सकाळी ११:४८

आता नवी आवृत्ती परत टाका. मग त्याच विंडोज-आर चौकटीत ‘फायरफॉक्स’ लिहून एक जागा सोडून ‘-पी’ लिहा, रोमनमध्येच. प्रोफाइलांची यादी येईल. कोरं कोणतं आणि जुनं कोणतं ते कळेलच, जुनं निवडा. ‘डिलीट’ या बटणाकडे बघायचंसुद्धा नाही.

तो पुन्हा मिटायला लागेल, हे मान्य. पण सामान घरी आलं. मिटण्याचं कारण आपण शोधू.

---

दणकट_बाब्या | सोमवार, दुपारी १२:१५

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

---

लोकल_८_०७ | सोमवार, दुपारी १२:३०

बाब्या, काढलंस ते ठीक, पण ‘पाच वर्षं अपडेट नाही’ हे तसंच राहिलंय, म्हणून लिहितो. तुझा संगणक, तुझी मर्जी. ताई मात्र लोकांचे आधार क्रमांक आणि बँकेचे तपशील हाताळतात.

ऑक्टोबर २०२४ मधलं उदाहरण घे. पानावरच्या अ‍ॅनिमेशनचा हिशेब ठेवणाऱ्या भागात फायरफॉक्सला एक भोक सापडलं (त्या दोषाचा नोंद-क्रमांक सीव्हीई-२०२४-९६८०). सापडलं तेव्हा हल्लेखोर ते आधीच वापरत होते. ईसेट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकाने कळवल्यावर मोझिलाने, म्हणजे फायरफॉक्स बनवणाऱ्यांनी, साधारण २५ तासांत दुरुस्ती तयार केली, ९ ऑक्टोबरला १३१.०.२ आलं. ज्याचं अपडेट चालू त्याला घरबसल्या मिळालं. तुझ्याकडे ते भोक अजून उघडं असेल.

---

गुळपोळी | सोमवार, दुपारी १:०५

अवांतर: माझ्याकडे विंडोज ७ आहे, मला अपडेटच येत नाही. तेही भोकच का?

---

लोकल_८_०७ | सोमवार, दुपारी १:२०

@गुळपोळी, विंडोज ७ आणि ८.१ साठी क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती. फेब्रुवारी २०२३ मध्ये ११० आली ती विंडोज १० पासून पुढेच. फायरफॉक्समध्ये ११५ ची दीर्घ मुदतीची शाखा त्या जुन्या विंडोजसाठी ठेवली आहे, तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत आल्यात. निदान ती टाका. बँकेची कामं त्या संगणकावर नकोतच. वेगळा धागा काढा, इथे गर्दी नको.

---

खटपट्या | सोमवार, दुपारी २:००

परत मुद्द्यावर. ताई, ‘अपडेट झालं आणि बिघडलं’ म्हणजे ‘अपडेटमुळे बिघडलं’ असं नेहमी नसतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते.

जानेवारी २०२२ आठवतोय का कुणाला? ११ तारखेला फायरफॉक्स ९६ आला. १३ तारखेला जगभर फायरफॉक्स जवळजवळ दोन तास लटकला, एक पान उघडेना. ज्याने त्याने ९६ ला शिव्या घातल्या. मोझिलाने नंतर स्वतःच सविस्तर लिहिलं, तर गोष्ट निराळीच. एका क्लाउड सेवेने आपल्याकडे एचटीटीपी/३ (पानांची ने-आण करायची नवी पद्धत) आपसूक सुरू केलं होतं. फायरफॉक्सच्या पोटात त्या बाबतीतली एक चूक आधीपासून दबा धरून होती: मजकुराची लांबी सांगणाऱ्या ओळीचं नाव एक भाग लहान अक्षरांत लिहायचा आणि दुसरा भाग ते मोठ्या अक्षरांत शोधायचा. सापडेना, म्हणून शोधतच राहायचा. गिरगिर, गिरगिर, आणि त्याच रांगेत बाकी सगळी पानं अडकलेली. नव्या आवृत्तीचा संबंधच नव्हता.

इथेही ‘अपडेट’ हा शब्द बाजूला ठेवून बघायला पाहिजे.

---

कळफलक | सोमवार, दुपारी ३:१०

आत्ता धागा वाचला. मंडळी, ताईंनी रविवारीच उत्तर दिलंय आणि कुणाचं लक्ष गेलं नाही. ‘पट्टीत क्लिक केलं की तो मिटतोच.’

ताई, तीन गोष्टी करून बघा.

एक: फायरफॉक्स उघडा, पण लगेच, कुठेही क्लिक न करता, वरच्या पट्ट्यातला एखादा बुकमार्क माउसने दाबा. असं पान निवडा की ज्यात काही भरायचं नाही, बातम्यांचं वगैरे. मग कळफलकाला हात न लावता दहा मिनिटं नुसतं वर-खाली करा.

दोन: त्याच पानावर जिथे लिहायची चौकट असेल तिथे फक्त क्लिक करा. लिहू नका.

तीन: विंडोजमध्ये दुसऱ्या कुणाचं खातं असेल तर त्यातून फायरफॉक्स उघडून पट्टीत टंकून बघा.

आणि संगणकाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, घड्याळाच्या शेजारी, कोणकोणती चिन्हं दिसतात ते सगळी सांगा. बाणावर क्लिक केल्यावर दिसणारीसुद्धा.

---

टंकणारी_ताई | सोमवार, सायंकाळी ६:३०

गर्दी होती, आत्ता वेळ मिळाला.

एक: बातम्यांचं पान वीस मिनिटं चाललं, काही झालं नाही. (मात्र त्याआधी दोनदा उघडल्या उघडल्या मिटला.)

दोन: शोधायच्या चौकटीत क्लिक केलं, गेला!

तीन: माझ्या भाच्याचं खातं आहे, तो सुट्टीत खेळायला येतो. त्यातून उघडला तर एकदम झकास. टंकलं, अर्ज उघडला, काही नाही.

चिन्हं: आवाज, इंटरनेट, अँटिव्हायरस, प्रिंटर, डिजिटल सहीच्या डोंगलचं, आणि मराठीचा ‘म’.

---

कळफलक | सोमवार, सायंकाळी ६:४२

हा ‘म’ कुणाचा? विंडोजचा की वेगळ्या सॉफ्टवेअरचा? आणि भाच्याच्या खात्यात तो दिसतो का?

---

टंकणारी_ताई | सोमवार, सायंकाळी ६:५०

माझ्या टायपिंगच्या सॉफ्टवेअरचा. दुकान काढलं तेव्हा घेतलेलं, रेमिंग्टनसाठी (जुन्या टाइपरायटरची कळांची मांडणी). भाच्याकडे नाही, त्याला मराठी टंकायला सांगितलं तर पळून जाईल.

अरे देवा. तेच आहे का?

---

खटपट्या | सोमवार, सायंकाळी ६:५५

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

कळफलक | सोमवार, सायंकाळी ७:२०

संशय दाट आहे, पण पुरावा काढू. विंडोज-आर चौकटीत ‘फायरफॉक्स’, एक जागा, आणि ‘अबाउट:थर्ड-पार्टी’ असं रोमनमध्ये लिहून एंटर करा. पट्टीला हात लावायची गरज नाही, पान थेट उघडेल. बाहेरच्या कोणकोणत्या फायली फायरफॉक्सच्या आत शिरल्यात त्याची ती यादी असते. कशाला ‘आयएमई’ (टंकायला मदत करणारं सॉफ्टवेअर) अशी चिठ्ठी लावलेली आहे का, आणि त्यावर स्वाक्षरी, म्हणजे बनवणाऱ्याची डिजिटल सही, नसल्याची खूण आहे का, ते बघा.

यादी येईपर्यंत थोडं समजावून सांगतो. तुमचं मराठीचं सॉफ्टवेअर आणि फायरफॉक्स हे दोन वेगळे कार्यक्रम वाटतात, पण लिहायच्या चौकटीत कर्सर गेला की विंडोज त्या सॉफ्टवेअरची एक फाइल फायरफॉक्सच्या पोटात नेऊन बसवते. त्याशिवाय तुम्ही दाबलेल्या कळीचं मराठी अक्षर होणार कसं? आता ती फाइल आत बसून काही चुकीचं करायला गेली, भलत्याच जागची मेमरी वाचायला गेली, तर मरतो फायरफॉक्स. ती त्याच्याच घरात आहे ना. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं ब्राउझर बिघडला.

कधी लगेच, कधी दहा मिनिटांनी, याचाही उलगडा होतो. फायरफॉक्सचं मुख्यपान किंवा नवा टॅब उघडला की कर्सर आपोआप पत्त्याच्या पट्टीत जाऊन बसतो, म्हणजे लगेच स्फोट. बुकमार्कवरून गेलात आणि नुसतं वाचत राहिलात तर कर्सर कुठल्याच चौकटीत नाही, म्हणजे शांतता. ट्रबलशूट मोडचा उपयोग झाला नाही, कारण तो फायरफॉक्सची एक्स्टेन्शन बंद करतो. हे एक्स्टेन्शन नाहीच, हे खाली विंडोजमधून येतं.

---

लोकल_८_०७ | सोमवार, सायंकाळी ७:४०

कळफलक, सलाम. भर घालतो: क्रोमवाल्यांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगितलं होतं की विंडोजवरच्या त्यांच्या साधारण दोन तृतीयांश वापरकर्त्यांकडे क्रोमशी लगट करणारं दुसरं काही ना काही सॉफ्टवेअर असतं, आणि आत कोड घुसवणारं असेल तर क्रोम कोसळण्याची शक्यता १५ टक्क्यांनी वाढते. म्हणून २०१८ मध्ये त्यांनी आधी इशारे दिले, मग असं घुसणं अडवायला सुरुवात केली.

---

कळफलक | सोमवार, सायंकाळी ७:५२

हो, पण त्यांनी टंकलेखनाच्या आयएमईंना आणि अपंगांसाठीच्या साधनांना त्यातून सूट दिली होती. नाहीतर अर्ध्या आशियाला लिहिताच आलं नसतं. त्यामुळे ‘तो दुसरा ब्राउझर चालतो’ याचं कारण अडवणूक नसावं. चौकट हाताळायची प्रत्येक ब्राउझरची पद्धत वेगळी, एवढंच. जुनं सॉफ्टवेअर एकाच्या जिन्यावर अडखळतं, दुसऱ्याच्या नाही. अपडेटमध्ये एखादी पायरी सरकली की आजवर अंधारात पाठ असलेला माणूसही पडतो.

---

टंकणारी_ताई | सोमवार, रात्री ८:३०

यादीत एकच ‘आयएमई’ आहे, आणि तिला स्वाक्षरी नसल्याची खूण. फाइलच्या नावात माझ्या सॉफ्टवेअरच्या नावाची पहिली चार अक्षरं आहेत. नाव इथे लिहीत नाही, इतकी वर्षं त्याने माझं पोट भरलंय.

‘म’ बंद केला. पट्टीत क्लिक केलं. चाललं! चाळीस मिनिटं झाली, पासवर्ड आहेत, बुकमार्क आहेत, चार पीक विमे भरून झाले.

पण आता मराठी टंकायचं कसं?

---

कळफलक | सोमवार, रात्री ८:५५

तात्पुरतं: त्याच यादीत त्या फाइलसमोर ‘ब्लॉक’चं बटण आहे. ११० व्या आवृत्तीपासून, म्हणजे फेब्रुवारी २०२३ पासून, ही सोय आहे. ते दाबून फायरफॉक्स पुन्हा सुरू केला की ती फाइल फक्त फायरफॉक्समध्ये शिरणार नाही. पत्रिका आणि करारांच्या कामात तुमचा ‘म’ पहिल्यासारखा चालू राहील.

फायरफॉक्समध्ये मराठीसाठी विंडोजचाच कळफलक जोडा. सेटिंग्जमध्ये वेळ आणि भाषा, तिथे मराठी. इनस्क्रिप्ट (भारतीय लिपींसाठीची कळांची मांडणी) आहेच, आणि २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून विंडोज १० मध्ये उच्चारानुसार टंकायचा फोनेटिकही आहे.

---

टंकणारी_ताई | सोमवार, रात्री ९:१०

ब्लॉक केलं. चाललं. पण मला इनस्क्रिप्ट येत नाही हो. मी खडखडणाऱ्या मशिनवर शिकले, मराठी ४० ची परीक्षा दिली. बोटं रेमिंग्टनचीच आहेत. फोनेटिकने एक नाव टंकायला शेतकऱ्याचा चहा पिऊन होतो.

जुन्या फॉन्टमध्ये टंकून इथे डकवलं तर?

---

शुद्धमती | सोमवार, रात्री ९:२५

यातलं मला कळतं! तसं करू नका. जुन्या फॉन्टमधलं ‘मराठी’ हे मुळात इंग्रजी अक्षरांना चढवलेले मराठी कपडे असतात. अर्जात डकवलं की कपडे उतरतात आणि खाली कंस, प्रश्नचिन्हं, अर्धी रोमन अक्षरं राहतात. आमच्या संस्थेची वीस वर्षांची इतिवृत्तं अशीच अडकून पडली आहेत. युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या संगणकांना सारखीच कळणाऱ्या अक्षरांत, टंकायला हवं.

---

वैदेही_पर्थ | सोमवार, रात्री ९:४०

रेमिंग्टनच्या मांडणीचा साधा कळफलक कुणी बनवलेला मिळेल ना? मायक्रोसॉफ्टचं कीबोर्ड लेआउट क्रिएटर नावाचं फुकट साधन आहे, त्यातून घरीही बनवता येतो. ती नुसती तक्ता-फाइल असते, या कळीला हे अक्षर. आयएमईसारखा आत बसून विचार करणारा कार्यक्रम नाही, म्हणून असा घोळही घालत नाही.

---

कळफलक | सोमवार, रात्री १०:१०

मिळेल, पण एक मेख आहे. ताईंना लगेच कळेल म्हणून सांगतो.

मशिनवर ‘किती’ टंकताना आधी काय मारता? वेलांटी. कारण कागदावर ती क च्या आधी उमटते. युनिकोडमध्ये मात्र क आधी आणि वेलांटी नंतर साठवायची असते, दिसायला ती डावीकडे दिसली तरी. रफाराचं उलट: मशिनवर ‘अर्ज’चा रफार ज नंतर मारता, युनिकोडला र आधी हवा. पहिली वेलांटी उचलून योग्य जागी ठेवणं, रफार मागे सरकवणं, हे करायला डोकं चालवणारा कार्यक्रमच लागतो. तक्त्याला तेवढी अक्कल नसते. पीडीएफमधून कॉपी केल्यावर ‘माहिती’चं ‘मािहती’ झालेलं पाहिलंय ना? तीच गत.

म्हणजे दोन वाटा. एक, तुमच्या सॉफ्टवेअरची नवी, स्वाक्षरी असलेली आवृत्ती आहे का विचारा. तिच्यात दोष दुरुस्त केलेला असू शकतो. दोन, रेमिंग्टनच्या तक्त्यावर बाकी बोटं तीच ठेवून फक्त वेलांटी आणि रफाराची सवय बदला.

---

निवृत्त_पोस्टमास्तर | मंगळवार, सकाळी ६:१५

मी वयाच्या एकसष्टाव्या वर्षी इनस्क्रिप्ट शिकलो. स्वर सगळे डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. तीन आठवडे लागले. कॅशे साफ करणे सुचवले त्याबद्दल क्षमस्व.

---

टंकणारी_ताई | मंगळवार, दुपारी १:००

सॉफ्टवेअरवाल्यांचा जुना नंबर लागत नाही. बिलावर नुसता पत्ता आहे, पत्र टाकते.

भाच्याने तक्त्याचा कळफलक बसवून दिला. सकाळपासून त्यावर टंकतेय. अक्षरं आपोआप येतात, पण प्रत्येक वेलांटीला बोट आधी पळतं आणि पडद्यावर ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ उगवतं. एका आजोबांचं नाव शिवाजी. चार वेळा खोडलं. ते म्हणाले, बाई, नुसतं ‘शवाजी’ लिहू नका म्हणजे झालं.

---

खटपट्या | मंगळवार, दुपारी १:१२

:ड

---

टंकणारी_ताई | पुढच्या सोमवारी, रात्री ९:३०

वर आणतेय, राग मानू नका. आठवडा झाला, फायरफॉक्स एकदाही मिटला नाही. मध्ये आणखी एक छोटं अपडेट आलं, तेही केलं. (आधी प्रोफाइल पेनड्राइव्हवर घेतलं, वैदेही!) पीक विमे वेळेत संपले. पासवर्ड आता वहीत आहेत आणि वही कपाटात.

शेजारच्या दुकानातल्या काकांचाही ब्राउझर मिटत होता, त्यांनीही तेच सॉफ्टवेअर घेतलंय. त्यांना कोपऱ्यातला ‘म’ दाखवला.

हा प्रतिसाद दुकानातल्या फायरफॉक्समधून, नव्या कळफलकावर टंकलाय. वेलांट्यांत दोनदा वर्तुळ आलं. रफारात एकदाही नाही.

---

कळफलक | पुढच्या सोमवारी, रात्री ९:४४

रफार आधी जमला? बहुतेकांचं उलटं होतं. कसं केलंत ते सांगा, मी आठ महिने धडपडतोय.